चेहरा तुझा, अक्षर माझं

१२ मे, सोमवार

थोरल्या बाईसाहेबांस,

धाकटीचा नमस्कार. काही मिनिटं आधी जन्माला येऊन जो मोठेपणा तू जन्मभरासाठी पदरात पाडून घेतलास, त्याला मान देऊन पत्र मीच आधी लिहितेय. नाहीतरी लिहिण्याचं काम माझंच असतं.

इकडे सगळं ठीक आहे. बाबांची कंबर आहे तशीच. दिवसभर लोकांच्या खुर्च्यांना गाद्या ठोकायच्या आणि संध्याकाळी स्वतःला बसवत नाही म्हणून चहा उभ्याने प्यायचा, हे चालूच. तू गेल्यापासून त्यांच्या कमरेकडे बघणारं कोणी नाही. काल मी तेल घेऊन गेले, तर दोन मिनिटांत "राहू दे बाळा, खूप बरं वाटतंय," असं इतक्या घाईने म्हणाले की मी समजायचं ते समजले. तुझ्या हाताखाली हाच माणूस डोळे मिटून घोरतो. आई बेकरीतून आली की चप्पल काढायच्या आधी विचारते, "कॉलेजचं काही कळलं?" कळलं असतं तर मी दारातच नाचत असते, हे तिच्या लक्षात येत नाही.

मावशीचा खुबा कसा आहे? पडदा बदलायला या वयात स्टुलावर चढायची काय गरज होती, हे मी तिला विचारलं म्हणून सांगू नकोस. जन्मभर शाळेत पोरांना कवायत शिकवली, आता तू तिला शिकवतेयस. ती तुझं ऐकते का? मला तर शंकाच आहे.

पत्र कशाला, फोन आहे की, असं म्हणशील. बाई गं, मोबाइल आपल्या दोघींत एक, तो माझ्याकडे राहिला. मावशीच्या घरचा फोन हॉलमध्ये, आणि तिला ऐकू कमी येतं म्हणून तो कायम स्पीकरवर. आज दुपारी मी फक्त "कॉलेजात जाऊन आले" एवढं म्हटलं, तर मागून मावशी ओरडली, "जाऊन काय झालं ते सांग की!" आणि तिच्याही मागून आणखी कोणीतरी म्हणालं, "हो ना." ही दुसरी कोण? शेजारीण? तेव्हा पत्रच बरं.

तर कॉलेज. दोन ठिकाणी अर्ज केले होते, त्यातल्या पहिल्यांनी आपल्याला नाही म्हटलं. दोघींचा नकार एकाच पाकिटात आला. मी रडले नाही, कारण ते कॉलेज मला आवडलंच नव्हतं. जिन्यात औषधांचा वास यायचा.

दुसऱ्याकडून मात्र काहीच नाही. तुला तर हेच हवं होतं. फिजिओथेरपी शिकायची तर इथेच, असं तू पहिल्या दिवसापासून म्हणत आलीस. हाताने अर्ज भरून मागणारं जुन्या वळणाचं कॉलेज, उत्तर द्यायचीही त्यांची पद्धत जुनीच असणार असं मी स्वतःला समजावलं. पण बाकीच्यांना बोलावणी यायला लागली तेव्हा राहवेना. आज सकाळी गेले. प्रवेशाच्या खिडकीत एक काका आहेत, डोक्यावर चष्मा ठेवून टेबलावर चष्मा शोधत होते. मी सांगितलं कुठे आहे ते, म्हणून खूश झाले आणि लगेच कॉम्प्युटरमध्ये बघितलं.

म्हणाले, एक अर्ज आहे. मी म्हटलं, दोन हवेत, आम्ही जुळ्या. ते म्हणाले, एकच दिसतोय. पुन्हा बघा म्हटलं तर पुन्हा बघितलं, आणि पुन्हा एकच. मग पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि विचारलं, "ह्या तुम्हीच ना?"

मी काय उत्तर दिलं ते सोड. प्रवेशाच्या मॅडम रजेवर आहेत, पुढच्या आठवड्यात याव्यात, तेव्हा या असं म्हणाले. अर्ज कुणाचा आहे ते विचारायचं गडबडीत राहूनच गेलं. काळजी करू नकोस. अर्ज आपण एकाच वेळी, एकाच खिडकीत, एकमेकींचा हात धरून दिले होते. एक पोचतो आणि दुसरा पोचत नाही असं होईल कसं?

आईने दोन पिशव्या आणल्यात, कॉलेजसाठी. एकसारख्या, निळ्या. मी तिला अजून काही बोलले नाही.

मावशीला नमस्कार. स्पीकरवाल्या शेजारणीलाही सांग.

आपली,
धाकटी


१९ मे, सोमवार

थोरले,

तुझं पत्र मिळालं. तुझं अक्षर अजून तसंच आहे, ओळ वर चढत जाते आणि शेवटचा शब्द कडेला लटकतो. "अर्ज कुणाचा ते सांग" याच्याखाली तू तीन रेघा मारल्यात, त्यातल्या तिसऱ्या रेघेला कागद फाटलाय. आणि "काही गडबड असेल तर मी लगेच निघून येते" असं लिहिलंयस. येऊ नकोस. मावशी आत्ताच तर पाय टेकवायला लागलीय. तू तिला सोडून आलीस तर ती पुन्हा स्टुलावर चढेल.

सांगते. यादीत आहे ती तू. तुझं नाव, तुझा फोटो. ते मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. "राहूनच गेलं" हे खोटं होतं. तू माझ्याबद्दल हळहळत बसू नयेस म्हणून लिहिलं नाही, आणि तू तर हळहळून कागदच फाडलास.

माझा अर्जही सापडलाय. हरवला नव्हता, वेगळा काढून ठेवला होता. आज मॅडम आल्या होत्या. उंच आहेत, बोलतात हळू, आणि आपण बोलत असताना मध्ये तोंड घालत नाहीत, त्यामुळे आपण नको ते बोलून बसतो. त्यांनी आपले दोन्ही अर्ज शेजारी शेजारी ठेवले आणि माझ्याकडे वळवले. जन्मतारीख एक, पत्ता एक, फोन एक, आईबाबा एक. एवढं जुळ्यांत चालतं. पण फोटोही एक. नुसता एका चेहऱ्याचा नाही, एकच फोटो. तीच बट कानामागे, तीच कॉलर वर गेलेली. त्यांना वाटलं, एकाच मुलीने दोन नावांनी अर्ज भरलाय.

मला हसू येत होतं. त्यांना सगळं सांगावं लागलं. लहानपणी शाळेसाठी फोटो काढायला गेलो, तेव्हा माझे डोळे प्रत्येक वेळी मिटायचे, फोटोवाले वैतागले आणि आई म्हणाली, "हिचाच लावा दोन्हीकडे, कुणाला कळतंय!" तेव्हापासून प्रत्येक वेळी खुर्चीत तू बसलीस आणि मी बाहेर आपल्या पिशव्या सांभाळल्या. बसचा पास, वाचनालयाचं कार्ड, परीक्षेचं ओळखपत्र, सगळीकडे माझ्या नावावर तू. आजवर कुणाला कळलं नाही, आणि आपल्याला कधी यात काही वावगं वाटलं नाही. मॅडमना वाटलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे तुमचा स्वतःचा फोटोच नाही?" घरी अल्बममध्ये आहेत की, पण प्रत्येकात आपण दोघी आहोत.

तर तिथून थेट फोटोवाल्यांकडे गेले. त्यांनी सवयीने विचारलं, "जोडीच्या प्रती का?" म्हटलं, नाही, माझाच काढायचाय. ते माझ्याकडे बघतच राहिले. मग तेच सुरू झालं. दिवा लागला की डोळे बंद. कपाळ पुसून झालं, पाणी पिऊन झालं, खुर्ची फिरवून झाली. शेवटी म्हणाले, कॅमेऱ्याकडे बघूच नकोस, माझ्याशी बोल, आज कुठे गेली होतीस ते सांग. मी सांगायला लागले. खिडकी, काका, डोक्यावरचा चष्मा, एकच अर्ज, ह्या तुम्हीच ना. सांगता सांगता मला जो राग आला! आणि त्यांनी बटण दाबलं.

फोटोत माझी डावी भुवई वर गेलीय. तुझी अशी जात नाही. तोंड जरा उघडं आहे, भांडायला निघाल्यासारखं. मी तो किती वेळ बघत बसले. आपण वाटतो तेवढ्या सारख्या नाही गं.

बाबांना दाखवला. लांब धरून बघितला, मग जवळ धरला, आणि म्हणाले, "ही तू आहेस." एवढंच. मग खिशात घालायला लागले, तर मी काढून घेतला. प्रती मोजक्याच आहेत.

तुझ्या पत्रात शेवटी एक ओळ आहे. मावशी परवा स्वयंपाकघरापर्यंत चालत गेली, तू मागे होतीस, हात पुढे धरलेले, पण लावले नाहीस. ओट्यापाशी पोचल्यावर तिने मागे वळून बघितलं आणि तुला शिवी दिली. ही ओळ मी आईला वाचून दाखवली. आईने डोळे पुसले आणि मग हसली. मी मात्र दिवसभर तीच ओळ घोकतेय.

मॅडमनी गुरुवारी पुन्हा बोलावलंय. आणखी एक बारीकसारीक गोष्ट आहे, ती मी निस्तरीन. तू मावशीकडे बघ.

धाकटी


२३ मे, शुक्रवार

थोरले,

आज थट्टा सुचत नाहीये, तर सरळच लिहिते. ती गोष्ट बारीकसारीक नव्हती.

फोटोचं मॅडमना पटलं. नवा फोटो त्यांनी माझ्या अर्जावर लावला, जुना तुझा काढून मला परत दिला. मला वाटलं झालं. जीव भांड्यात पडणार, एवढ्यात त्यांनी दोन्ही अर्जांचं शेवटचं पान उघडलं. "मला हे का शिकायचं आहे," ते पान. म्हणाल्या, "चेहऱ्याचं समजलं. अक्षर कुणाचं?"

अर्ज हाताने का मागतात ते तेव्हा कळलं. ते पान त्या स्वतः वाचतात, प्रत्येक मुलाचं. आपल्याला काय माहीत! आपलं ठरलेलंच होतं, बोलायचं तू, लिहायचं मी. शाळेत तोंडी परीक्षेला तू पुढे, निबंधाच्या वहीला मी. तू माझ्यासाठी बसच्या कंडक्टरशी भांडायचीस आणि मी तुझ्यासाठी रजेचे अर्ज लिहायचे. त्यात फसवणूक कसली, घरात एकाने भाजी चिरावी आणि दुसऱ्याने भांडी घासावीत तसंच ते. मी मॅडमना हेच सांगितलं. त्या हसल्या नाहीत. रागावल्याही नाहीत. तुझं पान हळू आवाजात वाचून दाखवलं मला.

तुझ्या पानावर मी बाबांबद्दल लिहिलं होतं. त्यांची कंबर धरली की तू आधी हात लावत नाहीस, नुसती बघतेस ते कसे उभे राहतात, कुठल्या पायावर भार देतात, आणि मग जिथे ते दुखतं म्हणतात त्याच्यापेक्षा चार बोटं बाजूला अंगठा ठेवतेस आणि ते "आई गं" म्हणतात. लिहिताना मला काही सुचवावं लागलं नव्हतं. तुला इतकी वर्षं बघितलंय, ते उतरवलं.

मग माझं वाचलं. "लहानपणापासून मला रुग्णसेवेची आवड आहे." ऐकताना माझे कान तापले. मॅडम म्हणाल्या, असलं वाक्य दर तिसऱ्या अर्जात असतं. तुझं लिहून झाल्यावर माझ्यासाठी काही उरलंच नव्हतं, म्हणून मी ते कुठूनतरी आणून चिकटवलं होतं.

त्यांनी एक कोरा कागद दिला आणि बाहेरच्या बाकावर बसून पुन्हा लिहायला सांगितलं. स्वतःबद्दल लिहा, म्हणाल्या, वेळ लागू दे.

बसले. समोर उपचाराच्या खोलीत एक म्हातारे गृहस्थ दोन कठड्यांमध्ये चालायचा सराव करत होते आणि एक मुलगी त्यांच्याबरोबर उलटी चालत होती. त्या मुलीच्या जागी तू लगेच दिसलीस मला. मी स्वतःला तिथे उभं करून बघितलं. खरंच बघितलं, अगदी प्रामाणिकपणे. दिसलेच नाही. जे काही सुचत होतं ते तुझ्याबद्दल. ज्या मला एका बैठकीत दोन अर्ज लिहिता येतात, त्या मला स्वतःचं एक वाक्य लिहिता येईना.

शेवटी लिहिलं ते असं: "मला हे शिकायचं नाही. माझ्या बहिणीला शिकायचं आहे, आणि तिच्याशिवाय कुठे कसं जायचं ते मला माहीत नाही म्हणून मी अर्ज केला."

मॅडमनी ते उभ्याने वाचलं. मग बसून वाचलं. आणि विचारलं, "हा अर्ज पुढे पाठवू की मागे घेताय?"

मी म्हटलं, "मागे घेते."

बाहेर खिडकीतल्या काकांनी अर्ज परत दिला, सही घेतली आणि मी सही करताना माझ्याकडे बघून म्हणाले, चला, म्हणजे तुम्ही खरंच दोघी होतात तर. मी फाटकापर्यंत नीट चालत गेले. पुढे बसस्टॉपवर रडले. भरपूर रडले. एका बाईंनी पाण्याची बाटली दिली, कोण गेलं विचारलं. कोणी नाही म्हटलं तर त्यांना पटलं नाही.

आता तू काय करशील ते मला पाठ आहे. हे वाचून उठशील आणि फोनवर मला सांगशील, तू नाही तर मीही नाही, माझाही मागे घे. मावशीसमोर, शेजारणीसमोर, स्पीकरवर. अजिबात नाही. मी तुला ओळखून आहे. शेवटचा लाडू तू नेहमी मला द्यायचीस आणि पोट भरलंय म्हणायचीस, ते लाडवापुरतं ठीक होतं.

तुझा अर्ज रद्द झालेला नाही, पण अडकून पडलाय. ते पान तुझ्या अक्षरात नाही, म्हणून ते धरत नाहीत. मॅडमनी पुढच्या शुक्रवारपर्यंत वेळ दिलाय. तेवढ्यात तू स्वतः लिहिलेलं पान त्यांच्या हातात पडलं पाहिजे, नाहीतर जागा दुसऱ्या कुणाला जाईल. वाईट अक्षर चालेल, असं त्या आपणहून म्हणाल्या. बहुतेक अर्जावरची तुझी सही बघितली असावी.

मला विचारू नकोस काय लिहू म्हणून. ती सवय आहे तुला, पेन उचलायच्या आधी माझ्याकडे बघायची. या खेपेला मी सांगणार नाही. आणि तुला गरजही नाही. मावशी ओट्यापर्यंत चालली आणि तू हात लावले नाहीस, ती ओळ तू कुणाला न विचारता लिहिलीस. मी तुझ्या पानावर जे पानभर लिहिलं ते त्या एका ओळीत आहे, आणि ती तुझी आहे.

आईला काल रात्री जेवताना सांगितलं. तिने हातातला घास ताटात ठेवला. मग उठून एक निळी पिशवी कपाटात वर ठेवली, पुन्हा काढली आणि म्हणाली, "लागेल तुला. कुठेतरी जाशीलच ना." बाबांनी विचारलं, मग तू काय करणार? मी म्हटलं, माहीत नाही. खरंच माहीत नाही. हे असं सरळ सांगून मी जेवत राहिले आणि कोणी ओरडलं नाही, याचंच मला नवल वाटलं.

आता जे सांगायचं नव्हतं ते. तू ते पान पाठवलं नाहीस तर तू इथेच राहशील. कॉलेज नाही, तिथलं सक्तीचं वसतिगृह नाही, आपली खोली आहे तशी, दोन खाटा, मध्ये एक टेबल. पुढच्या वर्षी पुन्हा बघू म्हणू आणि पुन्हा दोघी मिळून अर्ज भरू. तसं झालं तर मला आनंद होईल. वरून मी हळहळेन, आईसमोर तुझी बाजू घेईन, आणि आतून मला आनंद होईल. बसस्टॉपवर रडून झाल्यावर माझ्या मनात पहिला विचार हाच आला, की पत्र उशिरा टाकलं तर? मी ते पेटीपाशी जाऊन नाही, पोस्टाच्या आत जाऊन, माणसाच्या हातात देणार आहे, ते यासाठी. मला माझा भरवसा वाटत नाही.

म्हणून तू लिही. माझ्यासाठी जागा सोडू नकोस, मागे वळून बघू नकोस. मावशी चालली तशी चाल. मी मागे आहे, हात पुढे धरून, पण लावत नाहीये.

सोबत माझा फोटो पाठवतेय. एवढा एकच तुला. तुझ्या पासाच्या पाकिटात ठेव, आणि कुणी विचारलं ही तूच ना, तर नाही म्हण. भुवई दाखव.

आणि एक कोरा कागद आहे, एक पाकीटही. कागदावर मी काहीही लिहिलेलं नाही, तारीखसुद्धा नाही. लिहून झालं की पाकिटात घाल आणि टाक. पाकिटावर कॉलेजचा पत्ता तेवढा माझ्या अक्षरात आहे, तो सवयीने लिहिला गेला. आतलं सगळं तुझं.

तुझी,
आणि आता जरा माझीही,
धाकटी